ठोका

कानपूरला शिकलेला श्यामलाल कोंढ्याला परतला, तो संगणक घेऊनच. साल १९८७. गावच्या मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवायचं, या ध्यासाने त्याला झोप नव्हती. त्याआधी डीबगर धड चालायला हवा होता. प्रोग्राम एकेक पाऊल चालवून त्यातली चूक दाखवणारं ते साधन. पण त्याची एक चाचणी सारखी नापास होई. मधेच सिग्नल आला, की प्रोग्राम हातातलं काम टाकून 'हँडलर' नावाच्या तुकड्यात शिरतो. डीबगरने त्याच्या मागोमाग आत पाऊल टाकायला हवं. तो मात्र सरळ पुढे निघून जाई.

"म्हंजे आमच्या ठोक्यावानी," तलावावर निघालेले त्याचे बुधराम काकाजी खांद्यावर जाळं टाकत म्हणाले.

तलावात एकट्याने डोंगा नेलेला माणूस अडचणीत आला, की वल्हं डोंग्यावर ठोकायचा. ऐकणाऱ्याने 'होऽ' म्हणायचं आणि असेल तसं निघायचं, ही तिथल्या मासेमार ढिवरांची रीत.

"मी ठोकलं त येजो बाबू. तुह्या मशीनवानी पुढं नोको जाऊ."

"तो कायले येते?" गुणाकाकी हसल्या. "मशीन रुसन ना त्याची."

उन्हं कलली आणि ठोका आला. ठक्... ठक्... श्यामलालने तो ऐकला. पण दोष हाताशी आला होता, वीज कधीही गेली असती. एवढं एक पाऊल पाहू, मग निघू.

पुन्हा ठोका. मग काहीच नाही.

चाचणी पास झाली. तो धावत तलावावर गेला, तेव्हा शिंगाड्याच्या वेलांत डोंगा पालथा पडला होता.

काकाजींची तेरवी झाल्यावर एका दुपारी त्याने संगणक लावला. शिकवण्याचं मन उरलं नव्हतं. ती चाचणी तेवढी मोडायची होती. सिग्नल पाठवणारी ओळ त्याने पुसली. आता प्रोग्रामला हाक मारणारं कुणी नव्हतं. त्याने एक पाऊल टाकलं. खोलीत ओल्या जाळ्याचा वास आला. दुसऱ्या पावलाला डीबगर हँडलरमध्ये शिरला.

त्याने ओळ पुन्हा तपासली. नव्हती. पुन्हा चालवलं. पुन्हा आत.

"बाबू..." काकी दारात बसल्या होत्या, तलावाकडे तोंड करून. "केव्हाचे ठोकून राहिले ते. हो म्हन ना..."

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. डोंगा तर अंगणात, भिंतीला टेकून कोरडा उभा होता.

"होऽ," तो कसाबसा म्हणाला.

पडद्यावरचं पाऊल, कळ न दाबता, एक ओळ पुढे सरकलं.

"हो म्हन्लं ना..." काकी मागे न वळता म्हणाल्या. "मंग निघ. वाट पाहून राहिले."