पोस्टमनचं माप

नवा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात आला, तेव्हा सही करायच्या आधी मी त्याचे खांदे पाहिले. खांदे सुरेख होते. त्यांवरचा कोट मात्र कुणीतरी डोळे मिटून शिवला होता.

"हा कोट कुणाकडे शिवलात?"

"का? वाईट दिसतो?"

"तुम्ही नाही. कोट दिसतो."

तो हसला, आणि मी भलत्याच रकान्यात सही ठोकली.

आमच्याकडे तीन पिढ्या माप एकदाच घेतात. दुसऱ्यांदा टेप लावायची वेळ येणं म्हणजे कमीपणा. गर्विष्ठ म्हणा हवं तर... आहेच मी. त्याच दुपारी त्याचं माप घेतलं. छाती चव्वेचाळीस. टेपखाली धडधडत होतं, ते त्याचं की माझं, कळेना. कोपऱ्यात काजं करत बसलेली माझी ताई म्हणाली, "छातीलाच एवढा वेळ? तू कमरेपर्यंत पोचशील तोवर ते रिटायर होतील."

आठवड्यानं तो नवा कोट घालून आरशापुढे उभा राहिला. कोट त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता. चार इंच ढिला!

"तुम्ही बारीक झालात," मी म्हणालो.

"नाही हो."

"मग माझा हात चुकला म्हणता?"

तो काहीतरी सांगणार होता... पण त्यानं नुसते हात वर धरले. मी दात-ओठ खात पुन्हा माप घेतलं. चाळीस. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसरा कोट अंगाला चोख बसला. रोज दुपारी पत्र असो-नसो तो दुकानात डोकावू लागला. गल्लीतलं खोडसाळ कुत्रं, जे आधीच्या पोस्टमनच्या पोटऱ्यांना झोंबायचं, ते याला पाहून शेपूट घालून बसायचं. "तुमचा धाक आहे हं," मी म्हणायचो. तो नजर चुकवायचा.

मग एका सकाळी तो आला तो कोट हातात घेऊन. दोन्ही बगलांपासून खालपर्यंत उसवलेला. माझी शिवण! मी टेप उचलली. पुन्हा चव्वेचाळीस. मापाच्या वहीतल्या तारखा पाहिल्या, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं... पहिलं माप पौर्णिमेचं. आणि पौर्णिमा कालपासून लागली होती.

"पौर्णिमा आली की अंग वाढतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन दिवस. चंद्र उगवला की... लांडगा होतो. काल कोट काढायलाही वेळ मिळाला नाही. आज पुन्हा होईन. गावात कळलं की मी गाव सोडतो. आजवर पाच सोडली. बदलीचा अर्ज तयार आहे, उद्या देतो."

घाबरलो. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संतापलो.

"महिनाभर मला वाटतंय, आपला हात बिघडला! आधी सांगता येत नव्हतं?"

त्याचे डोळे भरले होते, तरी तो हसला. हा माणूस उद्या निघून जाणार! मी उसवलेला कोट त्याच्या हातातून काढून घेतला.

"संध्याकाळी ट्रायलला या," मी म्हणालो.

दिवसभर मी तेच केलं, जे माझ्या आजोबांनी कुणाला करू दिलं नसतं. त्या कोटाच्या बाजूच्या शिवणी सैल करून कच्च्या टाक्यानं घातल्या. अंगानं जोर केला की दोरा निघावा, कापड फाटू नये. ज्या दुकानाची शिवण कधी सुटली नाही, तिथे मी सुटणारी शिवण घालत होतो, आणि जन्मात इतकं मन लावून काही शिवलं नव्हतं.

चंद्र वर आला. टाके एकेक करून सुटले, कोट अलगद खाली उतरला, आणि आरशापुढे एक भलामोठा करडा लांडगा मान खाली घालून उभा राहिला.

"मान वर," मी म्हणालो. "माझ्या आरशापुढे कुणी मान खाली घालून उभं राहत नाही. बघ तरी, काय रुबाब आहे तुझा."

त्यानं हळूच पाहिलं. कान उभे झाले. ताईच्या हातातली सुई कधीच पडली होती, ती एवढंच म्हणाली, "याला काजं नकोत ना?"

सकाळी तो पुन्हा माणूस होऊन, मी रात्रीच परत टाचलेल्या कोटाची बटणं लावत होता. अर्ज खिशातून डोकावत होता.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. तू जाशील याची." मी आजवर कुणाची मनधरणी केलेली नाही. पण त्याची बाही धरली आणि म्हणालो, "राहा. मला तू आवडतोस... दोन्ही."

त्यानं खिशातला कागद काढून उलटा केला. मग अर्ज माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "याच्या मागे मापं लिही. दोन्ही. आणि चल, टपाल वाटायचंय."

भर बाजारातून आम्ही हात धरून निघालो. समोरचे घड्याळवाले काका भिंग डोळ्यावरून काढून म्हणाले, "हे कोण रे तुझे?"

"हा माझा," मी मान ताठ करून सांगितलं.

त्यानं माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. मी सोडवून घेतला नाही.