ढगाशिवाय पडलेली सावली

ही गोष्ट खरी आहे. खुद्द विलावनने सांगितलेली. आणि रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

चियांग माईतला मार्च महिना. डोंगरांवरची राने पेटलेली, सूर्य धुरात तांबूस. विलावन खगोलशास्त्र संस्थेतल्या आपल्या खोलीत बसली होती. ती संगणकात तारे पेटवायची. वायूचा ढग, मध्ये तारा आणि त्याचा उजेड वायूला कसा ढकलतो याचं गणित.

उजेडाचं गणित थनातने बसवलं होतं. तिचा विद्यार्थी. पावसाळ्यात मोटरसायकलवरून पडून गेला.

संध्याकाळी शोधनिबंध पाठवायचा होता. त्यावर थनातचं नाव नव्हतं. तिनेच काढलं होतं.

त्याच्या अंत्यविधीलाही ती गेली नव्हती. तिकडे चितेवर चंदनाच्या लाकडाचं फूल ठेवताना गेलेल्याची क्षमा मागतात. तिला ते झेपलं नसतं.

पडद्यावर चित्र उमटलं. ताऱ्याच्या डाव्या बाजूला...

सावली.

वायूचा दाट गोळा मध्ये आला की मागे सावली पडतेच. पण तिथे गोळाच नव्हता.

तिने शेजारच्या खोलीतून सहकारी कित्तीला बोलावलं.

"ताई, सगळा वायू काढा. नुसता तारा ठेवा."

तिने वायू काढला. आता अडवायला काहीच उरलं नाही.

तरीही सावली... तिथेच.

"थनात असता तर चहा निवायच्या आत चूक सापडली असती," कित्ती म्हणाला. "त्याचा भाग तुम्हाला समजतो ना?"

"समजतो."

"मग घाम का फुटलाय?"

कित्ती परत गेल्यावर तिने निबंध उघडला. अगदी शेवटी, आभारांत, बारीक अक्षरांत थनातचं नाव घातलं. पुन्हा गणित चालवलं.

सावली दिसेना. तिने सुस्कारा टाकला.

मग लक्षात आलं... ताराही दिसत नव्हता.

सावली गेली नव्हती. चित्रभर पसरली होती.

पंखा फिरत होता. तिच्या मानेवर मात्र वारा लागेना... मागे कुणीतरी तो अडवून उभं असल्यासारखं.

ती वळली नाही. तिने थनातचं नाव वर नेलं. स्वतःच्या नावाच्याही आधी.

तारा उजळला.

आज तिच्या संगणकापाशी चंदनाचं एक फूल असतं. उशिरा आणलेलं. आणि प्रत्येक चित्रात ताऱ्याच्या डावीकडे, बोटाच्या पेराएवढी, सावली अजून पडते.

"ताई, ही चूक काढून टाकू का?" कित्ती अधूनमधून विचारतो.

"राहू दे," ती म्हणते. "काढून टाकायचं काम मी एकदा केलंय."