पिक्चर संपेपर्यंत

हे घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

लिहायला बसण्याआधी मी कुंदाला फोन केला. ती आता जळगावला असते. म्हटलं, "त्या संध्याकाळचं लिहू का गं?"



ती म्हणाली, "लिही. पण मला वाचायला पाठवू नकोस."

साल १९८८. पौष महिना, शनिवार. ठिकाण धुळे, देवपूर.

रतिलालभाईंनी नवीनच बांधलेल्या खोल्यांच्या ओळीत आम्ही भाड्याने राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. मागचं दार उघडलं की सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एकच अंगण. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर. शनिवारी त्यांची मुक्कामाची गाडी असायची. घरी मी आणि माझी चार वर्षांची मुलगी, बबी.

शेजारी कुंदा. तिच्या पलीकडे इंदिरा. आणि ओळीच्या टोकाला वच्छलाबाई. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, बबी आजी म्हणायची. एकट्याच राहायच्या. बोलायच्या फक्त अहिराणी.

आमचा एक नाद होता. महिन्यातून एका शनिवारी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, आणि जो पिक्चर असेल त्याला शोभेल असा स्वयंपाक करायचा. नियमच होता आमचा. मारामारीचा पिक्चर असला की झणझणीत शेवभाजी. रडका असला की पुरणपोळी, म्हणजे डोळ्यांत पाणी आणि तोंडात गोड. हसायचा असला की भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. हसता हसता ठेच्याने ठसका लागायचा, त्याची मजा वेगळीच.

भाजी आम्ही करायचो. भाकरी मात्र अक्काच करायच्या. त्यांना पिक्चरमध्ये गोडी नव्हती. मागच्या दाराने यायच्या, स्टोव्ह पेटवायच्या आणि आत बसून एकेक गरम भाकरी आम्हाला पाठवायच्या.

"तुमी दखा. मी आयकस," असं म्हणायच्या. तुम्ही बघा, मी ऐकते.

त्या शनिवारी हसायचा पिक्चर होता.

दुपारी मी अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. भरीत करून झाकून ठेवलं. अक्का सकाळीच पारोळ्याला भावाकडे गेल्या होत्या. "सांजले येस," म्हणून गेल्या होत्या. संध्याकाळी येते.

दिवेलागण झाली. कुंदा ठेचा घेऊन आली. इंदिरा ताक घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या बल्बचा उजेड टीव्हीच्या काचेवर पडायचा, म्हणून तो आम्ही नेहमी बंद ठेवायचो. अक्का रॉकेलच्या चिमणीवर काम चालवायच्या.

पिक्चर सुरू झाला. आम्ही हसायला लागलो.

थोड्या वेळाने आतून आवाज आला...

थप... थप... थप...

भाकरी थापल्याचा.

"आल्या वाटतं अक्का," कुंदा म्हणाली.

मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "अक्का, आलात का?"

"हूं."

"चिमणी लावून घ्या हो. काडेपेटी फळीवर आहे."

"राहू दे... दिसतंय."

आम्ही पुन्हा पिक्चरकडे वळलो.

बबी कंटाळली होती. तिला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणाली, "मी आजीजवळ जाते."

"जा. पण स्टोव्हला हात लावू नको," मी म्हटलं.

ती आत गेली.

थप... थप... थप...

मधेच बबीचा आवाज आला.

"आजी, इकडे बघ ना."

मला काही वाटलं नाही. अक्का कामात असतील.

थोड्या वेळाने पुन्हा.

"आजी... इकडे बघ ना गं."

पडद्यावर काहीतरी गोंधळ चालला होता. इंदिरा पोट धरून हसत होती. मीही हसत होते. पण हसता हसता मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. काहीतरी नाहीये... नेहमी असतं ते नाहीये.

मग लक्षात आलं.

स्टोव्हचा आवाज नव्हता.

आमचा स्टोव्ह पंपाचा. पेटला की भर्रर्र असा आवाज करायचा की पिक्चरमधलं बोलणं ऐकू यायचं नाही. इंदिरा नेहमी त्याच्यावर वैतागायची. आज ती एकदाही वैतागली नव्हती.

दारातून चिमणीचा उजेडही दिसत नव्हता.

भाकऱ्या थापणं चालू होतं. पण बाहेर एकही भाकरी आली नव्हती.

"अक्का," मी हाक मारली, "स्टोव्ह पेटत नाही का?"



थप... थप...

आणि तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

कुंदाने उठून दार उघडलं.

दारात अक्का उभ्या होत्या. खांद्यावर पिशवी, डोक्यावरून पदर, पायांवर धूळ.

"गाडी उशिरा निंघनी माय," त्या म्हणाल्या. "मन्ही वाट दखत व्हतात का?"



कुंदाचा हात कडीवरच राहिला. इंदिराच्या तोंडातलं हसू तसंच थिजलं. अक्कांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय व्हयनं?"

कुंदाने नुसतं स्वयंपाकघराकडे बोट केलं. मग ती वाकली आणि तिने व्हीसीआरचं बटण दाबलं. चित्र थांबलं. पडद्यावर एक माणूस तोंड उघडून हसत होता, तसाच थरथरत राहिला. आवाज बंद झाला.

सगळं घर शांत.

थप... थप... थप...

इंदिरा उठली. चप्पलही न घालता अक्कांच्या बाजूने सरळ बाहेर पळाली. मी तिला दोष देत नाही. माझे पायही तिकडेच निघाले असते.

पण माझी बबी आत होती.

"बबी," मी हाक मारली.

"बबी, बाहेर ये."

ती आली नाही. ओ सुद्धा दिली नाही.

अक्कांनी पिशवी खाली टाकली. "पोर मझार शे?" त्यांनी विचारलं. पोर आत आहे?

मी मान हलवली.

"मंग उभी का? जाय!"

मी निघाले. कुंदाने मागून माझा पदर धरला होता. मला थांबवायला की माझ्याबरोबर यायला, ते तिलाही माहीत नसावं. चार पावलांची खोली. मला ती संपता संपेना.

उंबऱ्यावर पाय ठेवला...

थापणं थांबलं.

आत गारठा होता. पौषातल्या थंडीचा तो गारठा नव्हता. बंद पडलेल्या विहिरीत डोकावल्यावर तोंडाला लागतो तसा होता. आणि वास येत होता. ताज्या, गरम, टम्म फुगलेल्या भाकरीचा. इतका चांगला वास की मला भूक लागली... हे सांगायची आजही लाज वाटते.

टीव्हीच्या उजेडात बबी दिसली.

स्टोव्हसमोर पाटावर बसली होती. माझ्याकडे पाठ. तोंड कोपऱ्याकडे. मान वर करून ती कुणाकडे तरी बघत होती. तिच्या समोर उभ्या माणसाचं डोकं जिथे असेल, तिथे.

तिथे कुणी नव्हतं.

मी झडप घातली. तिला काखेत धरून उचललं.

ती उचलली गेली नाही.

चार वर्षांची पोर. रोज कडेवर घेत होते मी तिला. ती हलेना. मी ओढलं. बबी रडली नाही, ओरडली नाही. तिचा फ्रॉक पुढे, कोपऱ्याकडे ताणला होता. ताठ... जसा कुणी मुठीत धरावा तसा. मी माझ्याकडे ओढत होते आणि दुसरीकडूनही ओढ लागत होती. शांतपणे. घाई नसल्यासारखी.

मी किंचाळले. काय म्हणाले ते आठवत नाही.

मागून अक्कांचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

"सोड तिले! तिनी माय उनी शे! सोड!"

तिची आई आली आहे, सोड तिला.

क्षणभर काही झालं नाही.

मग फ्रॉक सुटला. मी बबीला घेऊन पाठीवर पडले, कुंदाच्या पायात.

कुंदाने कसाबसा बल्ब लावला.

स्वयंपाकघर रिकामं होतं. मी स्टोव्हला हात लावला. गार. तवा गार. पिठाचा डबा फळीवर, फडकं बांधलेला, दुपारी मी बांधला होता तसाच. परात भिंतीला टेकवलेली, कोरडी.

मागच्या दाराला आतून कडी होती. वांगी भाजून झाल्यावर ती मीच लावली होती. अक्का त्या दाराने आत येऊच शकल्या नसत्या... हे मला तेव्हा आठवलं.

भाकरी एकही नव्हती. वास मात्र अजून येत होता.

बबीच्या फ्रॉकवर पुढे, कमरेच्या खाली, पीठ लागलं होतं. ओल्या पिठाची पाच बोटं.

अक्कांनी ते बघितलं आणि आपल्या पदराने पुसून टाकलं. "चाला," एवढंच म्हणाल्या. भरीत, ठेचा, चालू टीव्ही, सगळं तसंच टाकून आम्ही त्यांच्या घरी गेलो. इंदिरा तिथेच ओट्यावर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. ती त्या रात्री कुणाशीच बोलली नाही. पुढे ओळखही देईनाशी झाली.

तिथेच, अक्कांच्या चिमणीच्या उजेडात, माझ्या दुसरी गोष्ट लक्षात आली.

"राहू दे... दिसतंय."

अक्का असं म्हणाल्याच नसत्या. "माले दिसस" म्हणाल्या असत्या. आतून जे उत्तर आलं, ते माझ्यासारखं होतं. माझ्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी मिस्टर आले. आधी हसले. मग माझं तोंड बघितलं. रतिलालभाईंकडे गेले, विचारलं, इथे आधी कोण राहायचं, कुणी गेलं का.

रतिलालभाईंनी हात जोडले. "भाऊ, तुमचं पहिलंच बिऱ्हाड. आधी इथे कपाशीचं शेत होतं. ना घर, ना विहीर, ना कुणी गेलं. खोटं कशाला बोलू?"

ते खोटं बोलत नव्हते. मिस्टरांनी गावात चार जणांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. एखादी बाई तिथे जळाली असती, बुडाली असती, तर निदान काहीतरी कळलं असतं. तसं काहीच नव्हतं.

आठवडाभरात आम्ही खोली सोडली. बबीला ताप आला नाही, काही झालं नाही. आज तिला दोन मुलं आहेत. तिला त्यातलं काहीच आठवत नाही, आणि मी विचारतही नाही.

पण त्या रात्री मी विचारलं होतं.

अक्कांच्या गोधडीत ती मला बिलगून झोपली होती. कुंदा जागीच होती, तिनेही ऐकलं.

"बबी, आत कोण होतं?"

"आजी."

"कशी होती?"

"माहीत नाही. तिने इकडे बघितलंच नाही."

"मग मी हाक मारली, तेव्हा तू ओ का नाही दिलीस?"

बबीचे डोळे मिटत आले होते.

"आजी म्हणाली, आईला बोलावू नको..." ती म्हणाली. "तिचा पिक्चर संपू दे. मग आपण जाऊ."

पिक्चर संपायला फार वेळ राहिला नव्हता. कुंदाने बटण दाबलं तेव्हा शेवटचा गोंधळ चालू होता.

कुठे जायचं होतं, ते बबीने सांगितलं नाही. ती झोपली होती.

आता घरात मोठा टीव्ही आहे. रविवारी सगळे मिळून बघतात, जेवणं तिथेच होतात. मीही बसते. पण शेवट जवळ आला की मला बसवत नाही. नातवंडं ओरडतात, "आजी, आता तर मजा येणार आहे!"

मी उठते. घरभर दिवे लावते. कोण कुठे आहे, ते एकेकाला हाक मारून बघते.

ओ येईपर्यंत थांबते.

आणि ओ आली, की ती कोणत्या भाषेत आली, ते नीट ऐकते.