भिंतीकडचा जोड

बॉयलरचा वाफेचा पाईप भिंतीला इतका खेटून गेला होता, की मागच्या बाजूला हात जेमतेम शिरायचा. डोकं घालायचा तर प्रश्नच नव्हता. अशा जोडाला वेल्डर आरसा लावतात. भिंतीवर छोटासा आरसा चिकटवायचा आणि त्यात बघत रॉड फिरवायचा. दोघा भावांतल्या थोरल्याला हे काम छान जमायचं, आणि जमतं याचा थोडा तोराही होता. धाकटाही त्याच बॉयलरवर कामाला होता. "दादा, आरशात बघून दाढी करतोस तर गाल कापून घेतोस, आणि पाईप बरा जोडतोस," असं तो चिडवायचा.

जेवणाच्या सुट्टीनंतर नव्या पाईपात वाफ सोडायची होती. व्हॉल्व्ह उघडायला धाकटाच उभा राहणार होता, नेमका त्या जोडाशेजारी. सगळं यथासांग झालं होतं. इन्स्पेक्टरबाईंनी जोड पुढून पाहिला, मागून आरशात पाहिला, पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली आणि पाईप रिकामा करून वाळवून घेतला.

आरसा काढायला थोरला वाकला आणि थबकला. आरशात जोडाला पाण्याचा एक थेंब लोंबकळत होता.

चाचणीचं पाणी राहिलं असेल, म्हणून त्याने मागे हात घातला. आरशात त्याचं बोट थेंबावरूनच फिरलं. बोटाला मात्र कोरडं पोलाद लागलं. फडकं फिरवलं, तेही कोरडंच निघालं. आरशातला थेंब गळून पडला आणि त्याच जागी दुसरा धरू लागला.

त्याने आरसा पुसला, वरची बाजू खाली करून लावला. थेंब तिथेच होता.

सकाळी त्याच जागी एक रॉड संपल्यावर त्याने दुसरा लावला होता. अशा वेळी जोड जिथे थांबला ते टोक घासून साफ करायचं आणि नवा रॉड त्या टोकावर चढवूनच पुढे न्यायचा. नाहीतर आत जळालेल्या रॉडची मळी अडकते आणि वरून सगळं गुळगुळीत दिसतं. त्याने रॉड चढवला होता, पण आरशात बघून. आरशात मागे-पुढे उलटं होतं आणि हात भलतीकडे जातो. थोरला तडक इन्स्पेक्टरबाईंकडे गेला.

"बाई, हा जोड मला कापून काढायचाय."

"मी पास केलाय तो. काय झालं?"

"मन खातंय."

थेंबाचं सांगायला त्याची जीभ रेटेना. बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाफ सोडायचं थांबवायला सांगितलं.

"दादा, साहेब माझं डोकं खातील," धाकटा कुरकुरला.

"खाऊ देत."

ग्राइंडरने वरचा थर उडवला आणि आत काळी रेघ दिसली. बोटभर लांब मळी, आणि तिच्यापलीकडे पत्र्याएवढं पातळ पोलाद. इन्स्पेक्टरबाईंनी वाकून आरशात ती रेघ पाहिली.

"पाण्याला टिकलं," त्या म्हणाल्या. "वाफेला टिकलं नसतं."

थोरल्याने रेघ पुरती घासून काढली. कोरडे, तापवलेले रॉड घेतले, प्रत्येक टोक घासलं आणि आरशावर विसंबून न राहता दर वेळी गार झाल्यावर बोटाने चाचपून पाहिलं. पुन्हा चाचणी झाली. आता आरशातही जोड कोरडा होता.

धाकट्याने व्हॉल्व्ह उघडला. पाईप कुरकुरला, तापला आणि शांत झाला. कुठूनही वाफेचा धागासुद्धा आला नाही. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. आपला भाऊ आज घरी येणार, एवढ्याने त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"झालं समाधान?" शेजारून धाकट्याने विचारलं.

थोरला हसला आणि त्याने सहज आरशात पाहिलं. जोड होता. व्हॉल्व्ह होता.

व्हॉल्व्हजवळ कोणी नव्हतं.

मान न वळवता त्याने हात बाजूला टाकला आणि धाकट्याचा दंड घट्ट धरला. दंड उबदार होता, घामाने ओला होता. पण थेंबाच्या वेळीही हाताला कोरडंच लागलं होतं, आणि खरा आरसाच निघाला होता.

"दादा, सोड की. दुखतंय."

दुखतंय हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने पकड आणखी आवळली.

आरशात त्याची मूठ हवेत मिटलेली होती.