गल्लीत उतरलेला माल

शेजारच्या भाऊंचा पेचकस परत करायला गेले होते, एवढंच निमित्त. खरं म्हणजे कामाच्या दिवशी, भरदुपारी भाऊ घरी दिसले, तेव्हापासून मला चैन नव्हतं.

भाऊ हमरस्त्याच्या कामावर सुपरवायझर. गरम डांबर-खडीचे डंपर मोजून उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. पूर्वी ड्रायव्हर कागदी चिठ्ठी आणायचा. हल्ली सगळं मोबाइलवर. प्लांटवरून गाडी निघाली की नकाशावर ठिपका धावतो, माल किती गरम आहे तेही दिसतं, आणि तो उतरला की ड्रायव्हर फोटो पाठवतो.

वहिनी दारातच म्हणाली, "यांना घरी बसवलंय, ताई. म्हणतात, काल एक डंपर यांनी परस्पर विकला. आपल्या गल्लीत उतरवून."

"आपल्या गल्लीत?"

"ठिपका इथेच थांबलेला दिसतो म्हणे."

भाऊ म्हणजे गरीब गाय, तरी माझ्या मनात पाल चुकचुकलीच. पण काल दुपारभर मी खिडकीत होते. आमच्या गल्लीतून मांजर गेलं तरी मला कळतं. डंपर सोडाच, हातगाडीही आली नव्हती. वहिनीला मी तसं सांगितलंही.

"हे साहेबांना सांगाल?" भाऊ आतून म्हणाले. "नोकरी गेली, तर या वयात..."

"सांगेन की. माझ्या तोंडाला कुलूप असतं का कधी?"

ते कसनुसे हसले.

संध्याकाळी साहेब आले. भाऊ, वहिनी आणि मी त्यांच्याबरोबर गल्लीत उभे राहिलो. थंडी मी म्हणत होती. जमीन तीच, जुनी, तडकलेली. डांबराचा टिपूस नाही. पण वास मात्र होता. हळूहळू घशात उतरणारा, गरम, काळा वास... आणि चपलांच्या तळव्यांतून ऊब येत होती. साहेबांनी खाली वाकून बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"इथे काही आलं नाही, साहेब," मी म्हटलं. "मी खिडकीतून बघत होते."

"ड्रायव्हर वेगळंच सांगतो. वाटेत यांचा फोन नाही, काही नाही. एका बाईंनी हात दाखवला, म्हणून त्याने गाडी आत मागे घेतली." त्यांनी मोबाइल पुढे केला. "त्याचा फोटो अडकला होता. आत्ता आलाय."

वाफाळणारा ढीग. त्याच्या कडेला, डंपर मागे घ्यायला हात उंचावून उभी असलेली मी.

वहिनीचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हळूच निघाला.

"ताई... तुम्ही?"

साहेब भाऊंना म्हणाले, "तुम्ही उद्या कामावर या." बघत मात्र माझ्याकडे होते.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. ढिगामागे माझं घर, माझी खिडकी. खिडकीत पडदा बाजूला धरून, कालच्याच कपड्यांत, मी बघत होते.

"मग ही खालची कोण?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

मी फोटो आणखी मोठा केला. खालच्या बाईच्या अंगात लाल स्वेटर होता. तोच आत्ता माझ्याही अंगात होता. मीच विणलेला. त्याची दुसरी बाही मी आज सकाळी जोडली होती.