पुढची आवृत्ती कधी?

सहा जानेवारीच्या दुपारी दार्का झाप्लिटनी सेल्कर्क अव्हेन्यूवरच्या आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून एका फोनची फुटकी काच गरम वाऱ्याने सैल करत होती. बाहेर विनिपेगची नेहमीची थंडी, नाकातले केस गोठवणारी. संध्याकाळी आईकडे आपल्या युक्रेनी नाताळचं जेवण होतं, बिनमांसाच्या बारा पदार्थांचं. पहिला तारा दिसायच्या आत पोचायला हवं होतं.

तिच्या भावाचा मित्र कॉर्नी फ्रीसेन आत आला तसा त्याचा चष्मा वाफेने पांढरा झाला. तो पुसत तो दारातच उभा राहिला.

"आधी शिव्या घालू नकोस," तो म्हणाला.

"म्हणजे घालण्यासारखं काहीतरी आहे."

"मागच्या महिन्यात पेरोगी कुठून चढवलं गेलं, ते सापडलं."

दार्काने हातातला चिमटा टेबलावर आपटला.

पेरोगी म्हणजे तिच्या भावाचं, लेव्हकोचं लेकरू. फोन विकत घेणार तुम्ही, आणि त्यात काय चालेल, काय नाही हे ठरवणार कंपनी! या गोष्टीचा लेव्हकोला मनापासून संताप होता. त्याने फोनचं ते कुलूप तोडणारा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. कंपनीने एक भोक बुजवलं की हा दुसरं शोधायचा, नवी आवृत्ती काढायचा आणि तिला पेरोगीतल्या, म्हणजे उकडलेल्या युक्रेनी करंजीतल्या, एकेका सारणाचं नाव द्यायचा. बटाटा झाला, चीज झालं, कांदा झाला. एक खोट मात्र शेवटपर्यंत राहिली. असा उघडलेला फोन बंद पडला की त्याला पुन्हा जिवंत करायला दरवेळी केबलने कॉम्प्युटरला जोडावं लागे. "ज्या दिवशी केबल सुटेल, त्या आवृत्तीचं नाव आलुबुखार," असं तो फक्त दार्काजवळ बोलला होता. आलुबुखाराची पेरोगी आई करायची ती त्याच्यासाठीच.

त्यांच्या फोरमवर एक नियम होता. 'पुढची आवृत्ती कधी?' असं कुणी विचारायचं नाही. विचारलं की हकालपट्टी, आणि ती करायची दार्का, अगदी चवीने. "फुकटचं गिळायचं आणि वर वाढायची घाई!" असं लिहून ती माणसाला बाहेर काढायची.

गेल्या मार्चमध्ये बर्फ कच्चा झालाय म्हणून सगळे कानीकपाळी ओरडत असताना लेव्हको पिकअप घेऊन गोठलेल्या विनिपेग सरोवरावर मासे धरायला गेला. दार्काने तर गाडीच्या दाराला धरून सांगितलं होतं. दुपारी त्याने आईला फोनवर लिहिलं, 'निघालोय.' नेहमी तो तेच लिहायचा आणि नंतर तासन्‌तास उगवायचा नाही. त्या वेळी त्याला गाडीसकट बर्फाखालून ओढून काढावं लागलं.

प्रत्येक आवृत्तीवर त्याची सही असायची. ती करणारी गुप्त चावी एका पेनड्राइव्हवर होती आणि पेनड्राइव्ह त्याच्या गळ्यात, क्रॉसच्या शेजारी. नक्कल त्याने कधी काढू दिली नाही. दार्काने तो पेनड्राइव्ह शवपेटीत त्याच्या छातीवर ठेवला. "घे, ने तुझा संसार बरोबर!" ती ओरडली होती आणि अख्ख्या चर्चने ते ऐकलं होतं. चावी आता मेली, हिच्यावर विश्वास ठेवू नका, असं जगाला कळवायचं तर त्यालाही तीच चावी लागते. हे तिला आठवलं तेव्हा वर माती पडून गेली होती. गाढवपणा खरा, पण रागाच्या भरात तो जाणत्याकडूनही होतो.

नोव्हेंबरात सरोवर गोठलं त्या आठवड्यात पेरोगीची नवी आवृत्ती आली. नाव आंबट कोबी. सही अस्सल. खाली लिहिलं होतं, 'थंडीत सगळं बंद पडत होतं. आता चालू राहतं.'

इथल्या थंडीत फोन बंद पडतातच, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. दार्काला दिसली ती चोरी; कुणीतरी आधीच गुपचूप चावीची नक्कल काढली असणार. कोण हा मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा? त्या सहीवर भरवसा ठेवून हजारो लोक आपले फोन उघडे टाकत होते. उद्या चोराने त्यात काही काळंबेरं घातलं की नाव खराब व्हायचं लेव्हकोचं, आणि त्याचं आता तेवढं नावच उरलं होतं.

डिसेंबरात मशरूम आली. 'अंधारात वर कुठे, खाली कुठे, हे चुकत होतं. दुरुस्त केलं. अजून केबल लागते.'

ते वाचून कॉर्नी हे कुठून आलं ते शोधायला बसला होता. दार्का मात्र आणखीच पेटली होती.

"बोल ना, कुठून चढवलं?" तिने आता विचारलं.

"तुझ्या आईच्या तळघरातून. लेव्हकोच्या सर्व्हरवरून. बाहेरून कुणी शिरलेलं नाही, दार्का. तीन वेळा तपासलं."

"तळघराची किल्ली तुझ्याकडे आहे."

कॉर्नीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याची पेटी मी खांद्यावर घेतली होती. आता मला हे ऐकवतेस?"

"मग कोण? आई? तिला टीव्ही लावता येत नाही!"

"मला माहीत नाही."

"मला माहीत करून घ्यायचंच नाही. आज उपटून टाकते सगळं."

"अगं, त्याचं सगळं काम आहे तिथे. ते बंद केलं की पेरोगी संपलं."

"संपू दे. मेल्यावर तरी माणसाला लोकांनी सुखाने पडू द्यावं."

आईचं घर कोबीच्या आणि तळलेल्या कांद्याच्या वासाने भरलेलं होतं. कोट न काढताच दार्का तळघरात उतरली. कॉर्नी मागोमाग गेला. मांडणीवर लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी सर्व्हर घरघरत होता. त्याच्यावर चिकटपट्टी लावून लेव्हकोने लिहिलं होतं, 'हात लावशील तर याद राख, दार्का.'

"लावला," ती म्हणाली. तिने भिंतीतून विजेची आणि इंटरनेटची, दोन्ही केबली हिसकल्या. पंखा मंद होत थांबला. कॉर्नीने तोंड फिरवलं.

वर जेवणघरात नाताळच्या रिवाजाप्रमाणे टेबलाखाली गवत पसरलेलं, टेबलावर गोल पाव आणि त्यात मेणबत्ती. चार ताटं मांडलेली. चौथं कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. या रात्री घरातल्या मेलेल्या माणसाचं पान मांडतात.

"ते उचल, आई."

"राहू दे. आणि बसायच्या आधी खुर्चीवर फुंकर घाल. कुणी आधीच बसलेलं असलं तर सरकेल."

"त्याला सरकायची अक्कल असती तर तो बर्फावर गेला असता का? मी नाही फुंकर घालणार."

"लहानपणी घालायचीस," आई म्हणाली. "आणि तो टेबलापलीकडून तुझ्या तोंडावर परत फुंकायचा. मग तू भोकाड पसरायचीस."

कॉर्नी हसला. दार्का हसली नाही. ती धप्पकन बसली.

आईने पेरोगीचं पातेलं आणलं. कॉर्नीच्या एका हातात पाव होता, दुसऱ्यात मधाची वाटी.

दोघांचे फोन एकदम थरथरले.

दार्काने पाहिलं. पेरोगीची नवी आवृत्ती. सही अस्सल.

नाव आलुबुखार.

'आता केबल लागत नाही. आभार : दार्का, दोन्ही काढल्याबद्दल.'

कॉर्नीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "मी इथे आहे," तो पुटपुटला. "बघ, मी इथेच आहे."

हे नाव ती कुणालाही बोलली नव्हती. केबली उपटताना तळघरात दोघंच होती. दार्काचं डोकं सणकलं. भीती वाटायला हवी होती, पण राग इतका होता की भीतीला जागाच उरली नव्हती. कोण आहेस तू? ये ना समोर! तिने फोरम उघडला. तळघरातला सर्व्हर मेलेला असूनही तो उघडला. तिने अंगठे आपटत लिहिलं, ज्या प्रश्नासाठी तिने आजवर शेकडो लोकांना हाकललं होतं तोच.

'पुढची आवृत्ती कधी?'

उत्तर लगेच आलं. मार्चपासून बंद असलेल्या खात्यावरून.

'निघालोय.'

"कुणाचा निरोप आहे?" आईने विचारलं. "उशीर होणार आहे का?"

आई चौथ्या ताटात पेरोगी वाढत होती. आलुबुखाराची. ती केल्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दार्का उठली. स्वतःच्या खुर्चीवर फुंकर घातली. मग आईच्या. कॉर्नी मुकाट्याने उठला, त्याच्या खुर्चीवरही घातली.

मग ती टेबलाला वळसा घालून चौथ्या खुर्चीपाशी गेली.

"सांगितलं होतं ना तुला, नको जाऊस," ती म्हणाली. "दाराला धरून सांगितलं होतं, गाढवा."

ती वाकली आणि तिने जोरात फुंकर मारली.

कपाळावरचे तिचे केस मागे उडाले. समोरून तिच्या तोंडावर फुंकर आली होती, बर्फासारखी गार, सरोवराच्या पाण्याचा वास असलेली.