भाकरतुकडा

रात्रीच्या विमानानं येऊन सकाळी कामावर ताजंतवानं कसं उभं ऱ्हायचं, हे मी मोबाईलवर वाचून पाठ केलतं. पाणी भरपूर पी. पोट हलकं ठेव. उतरल्यावर झोपू नको, दहा मिनिटंसुद्धा न्हाय. थंड पाण्यानं तोंड धू. उजेडात उभा ऱ्हा.

सगळं केलं मी. एक पण चुकवलं न्हाय.

मी स्वरूप. बेळगावात खासबागला ऱ्हातो. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर हाय. डिप्लोमा न्हाय माझ्याकडं, प्रोग्रॅम लिहायचं मोबाईलवर बघून बघून शिकलोय. मालकांनी, म्हणजे मारुतीरावांनी, पंधरा दिवस मस्कतला मशीन बसवायला धाडलतं. परतीचं विमान पहाटे गोव्यात उतरणार, आणि त्याच दिवशी दहाला पुण्याचे पावणे माझा प्रोग्रॅम बघायला येणार. पसंत पडला तर मी कायम. न्हायतर माझ्या जागी डिप्लोमावाला. मालकांनी हे लपवलं न्हवतं.

"झोपाळू थोबाड घेऊन उभा ऱ्हाऊ नगंस रं," ते फोनवर म्हणालते. "पावणे आधी तोंड बघत्यात, मग मशीन."

मोप्याच्या विमानतळावर आमच्या गल्लीतला शामूअण्णा गाडी घेऊन आलता. इस्त्रीचा निळा शर्ट मी मागं हँगरला टांगला आणि पुढं बसलो. मी झोपू नये म्हणून चोर्ला घाटभर अण्णाची बडबड चालली होती.

"आधी घरी जायाचं हां. तुझ्या आईनं, रुक्माक्कानं, ताकीद दिलीया. भाकरतुकडा ओवाळल्याबिगर कामावर सोडायचं न्हाय म्हणाली."

"अण्णा, येळ कुठाय? आणि मी विमानानं आलोय."

"तेच म्हटलं मी बी. विमानात भुतं कशी चढतील, त्यास्नी पासपोर्ट कोण देतंय?" स्वतःच हसला. "तर मलाच शिव्या घातल्या तिनं."

लांबनं आलेल्या माणसाला दारातच थांबवायचं, भाकरीचा तुकडा नि पाणी त्याच्यावरनं ओवाळून बाहेर टाकायचं, मग आत घ्यायचं. आई हे कधी चुकवत न्हाय. लहानपणी मी इचारलतं, तो तुकडा कुणाला? ती म्हणाली, "वाटंत मागं लागून आलंय त्याला. ते दारात थांबतंय, तुकडा खातंय आणि जिथलं तिथं जातंय."

सव्वासातला कणकुंबी आली. धुकं एवढं की रस्त्यापलीकडची झाडं दिसत न्हवती. एका टपरीवर थांबलो. तोंड धुवायला पाणी इचारलं, तसं टपरीवाल्या बाईनं मागं बोट दाखवलं. मागं दगडी टाकी, शेजारी फणसाला तारेनं बांधलेला आरसा. आरशात बघितलं. डोळे लाल, गालांवर विमानातल्या उशीच्या सुरकुत्या. हे तोंड घेऊन दहाला उभं ऱ्हायचं होतं.

पाणी बर्फासारखं. एकदा मारलं. दोनदा. तिसऱ्यांदा ओंजळ डोळ्यांवर धरून ठेवली, दहापर्यंत मोजलं.

मान वर केली. आरशातलं तोंड चांगलं आठ तास झोपून उठल्यासारखं होतं. गुळगुळीत. डोळे पांढरे स्वच्छ. मला लई बरं वाटलं. असंच पायजे होतं.

तोंड पुसत पुढं आलो तर गाडी न्हवती.

"आमची गाडी?" बाईला इचारलं.

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. "तुम्ही आत्ताच गेलासा की. चहा घेतलासा, गाडीत बसलासा." रिकामा ग्लास उचलत म्हणाली, "शर्ट बदललासा तवा मीच म्हटलं, निळा रंग खुलतोय."

शामूअण्णाला रेंज न्हवती. अर्ध्या तासानं बेळगावची बस आली. मी जागा असूनही उभ्यानं आलो, झोप लागू नये म्हणून. जांबोटीच्या पुढं रेंज आली, तसा आईला फोन लावला.

"कोन?" आई.

"मी. अण्णा मला सोडून..."

"हा नंबर माझ्या पोराचा हाय. तुमाला कुठं गावला?"

"आई, मीच बोलतोय."

मागनं ताटाचा आवाज आला, आणि एक आवाज म्हणाला, "कुणाचा फोन गं?" तो आवाज मी रोज व्हॉइस मेसेजमध्ये ऐकतो. माझा.

"मोबाईल सापडलाय कुणाला तरी," आई त्याला म्हणाली. मग मला, "पोरगा जेवायला बसलाय. दहाला त्याचं मोठं काम हाय. मोबाईल कणकुंबीच्या टपरीवर इसरलाय म्हणतोय, तिथंच ठेवून जावा, आम्ही नेतो."

उद्यमबागेच्या स्टॉपवर उतरलो तवा दहा वाजून पाच मिनिटं झालती. पळत गेटवर आलो. वॉचमन देवाप्पा मला रोज "या सायबा" म्हणून चिडवतो. आज काठी आडवी धरली.

"यारु बेकु?" कोण पायजे, असं कानडीत. अनोळखी माणसाशीच तो कानडी बोलतो.

कंपाउंडच्या बाजूनं मागं गेलो. तिथं शॉपची काचेची खिडकी हाय.

आत मी होतो.

निळा शर्ट. हात मागं बांधून मशीनपुढं उभा, पावण्यांना समजावून सांगत. तिसऱ्या टूलला मशीन हादरतं, तिथं मी नेहमी वेगाचा नॉब हातानं कमी करतो. ती माझी चोरी, कुणाला ठाऊक न्हाय. त्यानं हातसुद्धा लावला न्हाय. मशीन हादरलं न्हाय. तासलेला पार्ट बाहेर आला, पावण्यानं बोट फिरवून बघितलं, मारुतीराव हसले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

मी काचेवर मारायला हात उचलला होता.

मग काचेत माझं तोंड दिसलं. लाल डोळे, दाढी, चुरगळलेला शर्ट. आता आत गेलो तर दोघंबी बाहेर. आणि नोकरी माझ्याच नावावर होणार होती की. म्हटलं, एवढं होऊ दे. मग बघू.

हात खाली घेतला.

त्यानं एकदा खिडकीकडं बघितलं. बाहेर कुणी काम मागायला आलंय, तसं. आणि मान फिरवली.

रिक्षानं खासबागला आलो.

गल्ली रोजचीच. घराचं दार उघडं. उंबऱ्यापुढं सांडलेलं पाणी अजून वाळलं न्हवतं. माझ्या बहिणीनं, आरोहीनं, खिडकीतनं बघितलं. मी हसलो.

ती हसली न्हाय. "आई," ती हळूच म्हणाली, "आलंय."

आई उंबऱ्यात आली. मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं. तिचे डोळे भरले, असं मला वाटलं. मग तिनं दार लोटलं. आतनं कडी लागली.

काल दुपारपासनं पोट हलकं ठेवलतं, आणि आता कडाडून भूक लागलती.

गटारीच्या कडेला भाकरीचा तुकडा पडलता. दोन तास झाले असतील टाकून. मुंगी न्हाय, कावळा न्हाय.

वाकलो. उचलला.

अजून गरम होता.

खाल्ला.

बंद दाराआडनं आईचा आवाज आला, ओझं उतरल्यासारखा. "खाल्लं गं. आता जाईल."

हे बसमध्ये टाइप करतोय. जांबोटी गेली. कणकुंबीचं तिकीट कधी काढलं आठवत न्हाय. खिडकीच्या काचेत तोंड दिसतंय, डोळे पांढरे स्वच्छ. झोप पार गेलीया. इतकं ताजं मला आजवर कधी वाटलं न्हवतं.